नकाशात नसलेली टाकी

१५० मिलिमीटर व्यासाची बिडाची एक नळी घेऊ. लांबी एक किलोमीटर, वाहणारं पाणी सेकंदाला १० लिटर. नळी नवी असताना हेझन-विल्यम्स सूत्रातला 'सी', म्हणजे नळीच्या आतल्या गुळगुळीतपणाचा आकडा, १३० धरला, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत दाब (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेला) साधारण २.६ मीटरने घटतो. चाळीस वर्षं गेली, आतून गंजाच्या गाठी चढल्या, 'सी' ८० वर आला. आता तेवढंच पाणी नेताना घट ६.५ मीटर. गाठींनी व्यासही खाल्ला आणि १५० चे १३० मिमी उरले, तर घट १३ मीटर. केंद्र सरकारच्या १९९९ च्या पाणीपुरवठा मार्गदर्शिकेत दुमजली घरासाठी किमान १२ मीटर शिल्लक दाब सांगितला होता. त्याहून जास्त दाब ही एकटी नळी वाटेतच खाऊन टाकते. कार्यालयातल्या नकाशावर मात्र रेघ तीच असते आणि रेघेशेजारचा आकडाही तोच, १५०.

जाळ्याचा एका दिवसाचा हिशेब करणं आता अवघड राहिलेलं नाही. १९३६ मध्ये हार्डी क्रॉसने नळांच्या जाळ्यातला प्रवाह हातानं सोडवण्याची पद्धत दिली. १९८७ मध्ये तोदिनी आणि पिलाती यांनी मांडलेली पद्धत संगणकाला जास्त सोयीची निघाली आणि तीच एपानेटच्या पोटात आहे. एपानेट ही अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची मोफत प्रणाली, पहिली आवृत्ती १९९३ ची. जाळ्याचे सांधे (नळ्या जिथे मिळतात ती ठिकाणं), नळ्या, पंप, झडपा, टाक्या भरल्या, तासागणिक मागणी दिली, की प्रत्येक सांध्यावरचा दाब आणि प्रत्येक नळीतला प्रवाह मिळतो. आपल्याकडे बिनवळशाच्या, झाडासारख्या फांद्या फुटलेल्या ग्रामीण योजनांसाठी आयआयटी मुंबईने 'जलतंत्र' ही प्रणाली केली आहे. कुठल्या फांदीला किती व्यासाची नळी टाकली तर खर्च कमीत कमी येईल, हे ती चटकन सांगते.

पण ही उत्तरं एका ठरलेल्या दिवसाची असतात. आजचा दिवस, किंवा तीस वर्षांनंतरचा एक कल्पित दिवस. मधली वर्षं कुठेच नसतात, आणि शहर तर त्या मधल्या वर्षांतच घडतं. मागणी चढणीसारखी हळूहळू वाढते, क्षमता मात्र पायऱ्यांनी वाढते. नवी जलवाहिनी आली की पायरी चढली, मग वीस वर्षं काही नाही. पायरी आणि चढण यांच्यामधल्या त्या टंचाईच्या वर्षांत लोक स्वस्थ बसत नाहीत. ते टाकी बांधतात, मोटर बसवतात, बोअर घेतात. हे सगळं पुढच्या पायरीच्या वेळी जागच्या जागी असतं आणि नव्या जलवाहिनीचं वागणं बदलून टाकतं. माझं म्हणणं एवढंच, की आपल्या शहरांचं पन्नास वर्षांचं सिम्युलेशन करायचं असेल तर घराघरातली टाकी आणि मोटर त्यात महापालिकेच्या जलवाहिनीइतक्याच मानानं यायला हवी.

असं वर्षावर्षानं पुढं जाणारं मॉडेल कसं चालतं, ते आधी पाहू. एक वर्ष म्हणजे एक फेरा. फेऱ्याच्या सुरुवातीला लोकसंख्या आणि बांधकाम बदलतं : कुठल्या भागात चाळ पडून टॉवर आला, कुठे शेताचे भूखंड झाले. त्यावरून प्रत्येक सांध्याची मागणी नव्याने वाटली जाते. मग नळ्यांचं वय एका वर्षानं वाढतं. बिडाच्या आणि बिनअस्तराच्या पोलादी नळ्यांचा 'सी' थोडा उतरतो, सिमेंटचं अस्तर असलेल्या डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट बिडाच्या) नळ्यांचा जवळजवळ तसाच राहतो. फुटण्याची शक्यता काढून काही नळ्या त्या वर्षी 'फुटतात'. मग त्या वर्षाचा २४ तासांचा दाबप्रवाह (जाळ्यातल्या दाबाचा आणि प्रवाहाचा हिशेब) चालवायचा आणि कुठे दाब कमी, कुठे पाणी कमी, किती गळती, ते नोंदवायचं. शेवटी निर्णयाचे नियम : अंदाजपत्रकात पैसे किती, बदलायच्या नळ्यांचा क्रम कसा, नवीन जलकुंभ कधी. निर्णय झाला की जाळं बदलतं आणि पुढचं वर्ष सुरू. फुटणं आणि वाढणं दोन्हींत दैवाचा भाग असल्यामुळे हा पन्नास वर्षांचा प्रवास एकदा करून भागत नाही, हजार वेळा करावा लागतो. पन्नास हजार दाबप्रवाह झाले. एकाला एक सेकंद धरला तरी जवळपास १४ तास. म्हणून लहान नळ्या गाळून जाळं सुटसुटीत करतात. मोठ्या वाहिन्यांच्या प्रश्नासाठी ते चालतं. मात्र टोकाच्या वस्तीत पाणी पोचतं का, हा प्रश्न असेल तर ज्या नळ्या गाळल्या त्याच नेमक्या उत्तराच्या असतात, आणि सुटसुटीत मॉडेल सगळं आलबेल असल्याचं सांगत राहतं.

फुटण्याचा हिशेब वरवर सोपा आहे. १९७९ मध्ये शमीर आणि हॉवर्ड यांनी वयाबरोबर फुटण्याचं प्रमाण चक्रवाढीने वाढतं असं साधं सूत्र मांडलं. पुढे वायबुलसारखी आयुर्मानाची वक्ररेषा वापरणं रूढ झालं. अडचण सूत्रात नसून नोंदींत आहे. समजा फुटींची नोंदवही २००५ पासून आहे आणि नळ्या १९५० च्या आहेत. त्यातल्या ज्या कच्च्या होत्या त्या २००५ च्या आधीच फुटून बदलल्या गेल्या. वहीत उरल्या त्या दणकट. अशा वहीवरून वक्ररेषा बसवली की जुन्या नळ्या नव्यापेक्षा कमी फुटतात असा निष्कर्ष निघतो, आणि पुढची पन्नास वर्षं मॉडेल जुन्या नळ्यांना हातही लावू देत नाही. नोंदी सुरू व्हायच्या आधी जे गेलं त्याचा हिशेब सूत्रात वेगळा धरावाच लागतो. दुसरी गल्लत याहून साधी : 'फूट' म्हणून नोंदलेल्या कित्येक गोष्टी नळजोडणीच्या फेरूलवरची गळती, खोदकामात लागलेला जेसीबीचा दात किंवा सांध्यातून सुटलेलं शिसं असतात. त्यांचा नळीच्या वयाशी संबंध वेगवेगळा आहे. जेसीबी नवी नळीही फोडतो.

मॉडेलच्या नियमांवर विश्वास ठेवण्याआधी ते मागच्या काळावर चालवून बघायला हवेत, आणि त्यासाठी मुंबईसारखी परीक्षा दुसरी नाही. विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२ आणि मग टप्प्याटप्प्याने तिची वाढ, १९५० च्या दशकात मोडकसागर, १९७३ च्या सुमारास ऊर्ध्व वैतरणा, त्यानंतर भातसा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. तानसाचंच पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून येतं. आज रोजचा पुरवठा ३८५० दशलक्ष लिटरच्या आसपास आहे. सगळं पाणी उत्तरेकडून येतं आणि ज्या वस्तीसाठी ते पहिल्यांदा आणलं ती जुनी मुंबई दक्षिणेच्या टोकाला. मलबार हिल आणि भंडारवाडा इथले जलाशय टेकड्यांवर बांधले ते त्या टोकाला दाब मिळावा म्हणून. बहुतेक शहर-वाढीच्या मॉडेलांत एक नियम गुपचूप बसलेला असतो : आधी लोक येतात, मग त्यांच्यामागे नळी येते. हा नियम मुंबईवर चालवला तर उपनगरं चुकतात. तिथून मोठ्या वाहिन्या आधीच जात होत्या. लोक रेल्वेच्या मागे तिथे आले, आणि अंगणातून जाणाऱ्या वाहिनीतून त्यांना पाणी मिळायला मात्र पुन्हा वेगळे जलकुंभ आणि वेगळ्या वितरण नळ्या लागल्या. मुख्य वाहिनी जवळ असणं आणि नळाला पाणी असणं या दोन गोष्टी मॉडेलमध्ये वेगळ्या ठेवाव्या लागतात. तानसा वाहिनीच्या कडेची वस्ती हे त्याचं ठळक उदाहरण. वाहिनीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला. त्यामुळे जमिनीची उपलब्धता हाही मॉडेलमधला बदलता घटक ठरतो : १९२० मध्ये नवी समांतर वाहिनी टाकायला जागा होती, आज ती जमिनीखाली खोल बोगद्यातून न्यावी लागते, आणि खर्चाचं कोष्टकच बदलतं.

आता टाकीकडे येऊ.

छत्रपती संभाजीनगरात पाणी जायकवाडीतून येतं. वर्षानुवर्षं त्याचा भार ७०० आणि १४०० मिमीच्या दोन जुन्या वाहिन्यांवर राहिला आणि शहराला काही दिवसांच्या अंतराने पाणी घ्यायची सवय लागली. 'आज पाण्याचा दिवस' हा शब्द तिथे कॅलेंडरइतका रुळला. पाण्याचा दिवस पाच दिवसांनी येतो असं धरून हिशेब करू. माणशी १३५ लिटर, घरात पाच माणसं, पाच दिवस : ३३७५ लिटर साठवण लागते. प्लास्टिकच्या १००० लिटरच्या एका टाकीत ते मावत नाही. म्हणून ज्याच्याकडे जागा आणि पैसा आहे तो जमिनीखाली हौद बांधतो, वर दोन टाक्या ठेवतो, मध्ये मोटर बसवतो. ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे पिंपं आणि हंडे.

आता अशा हजार घरांचा एक भाग घेऊ. पाणी चोवीस तास असतं तर पाच हजार माणसांना सरासरी सेकंदाला ७.८ लिटर लागलं असतं. एवढ्या लहान वस्तीसाठी तीच मार्गदर्शिका कमाल मागणी सरासरीच्या तिप्पट धरायला सांगते, म्हणजे सुमारे २३ लिटर. नळ्या त्या हिशेबाने टाकल्या. पाच दिवसांचं पाणी तीन तासांत द्यायचं म्हटलं तर सेकंदाला ३१२ लिटर हवेत. तेरापटीहून जास्त! ते अर्थातच येत नाही. येतं ते नळी नेईल तेवढं, आणि ते कुणाला मिळतं हे मागणीवर ठरत नाही, उंचीवर आणि अंतरावर ठरतं.

नेहमीच्या पद्धतीचं मॉडेल इथे साफ खोटं बोलतं. त्यात प्रत्येक सांध्यावर मागणी आधी लिहिलेली असते आणि ती मिळालीच असं धरून दाब काढला जातो. कमतरता असली की उत्तरात उणे दाब दिसतो, पण मागणी 'पूर्ण' झालेली असते. एपानेटच्या २०२० च्या २.२ आवृत्तीपासून दाबावर अवलंबून पाणी देण्याची सोय आहे. किमान दाबाखाली शून्य, पुरेशा दाबाला पूर्ण, आणि मध्ये वर्गमुळाच्या प्रमाणात. पायथनमध्ये काम करणाऱ्यांना डब्ल्यूएनटीआर या संचातही ती आहे. तरीही पाण्याच्या दिवसाला तेवढं पुरत नाही, कारण तिथल्या घराला 'मागणी' अशी नसतेच. नळ सोडलेला असतो आणि हौद भरेपर्यंत येईल तेवढं पाणी घेतलं जातं. म्हणून प्रत्येक सांध्याला एक टाकी जोडायची : भागातल्या सगळ्या हौदांची मिळून क्षमता, जमिनीच्या पातळीवर तळ, मध्ये पाणी परत येऊ न देणारी झडप असलेली छोटी नळी, आणि टाकी भरली की बंद. टाकीतून रोजचा वापर वेगळा काढायचा. त्यानंतर मॉडेल एकदम खऱ्यासारखं वागू लागतं. आधी जलकुंभाजवळचे हौद भरतात. ते बंद झाले की दाब पुढे सरकतो, मग पुढचे भरतात. शेवटच्या गल्लीपर्यंत ही भरण्याची लाट पोचण्याआधी चावी बंद होते. जवळच्यांच्या हौदाला बॉल कॉक नसेल तर ते भरूनही बंद होत नाहीत, पाणी गटारात जातं आणि लाट आणखी मागे राहते. टोकाच्या गल्लीसाठी त्या एका बॉल कॉकची किंमत नव्या नळीएवढी असू शकते, आणि मॉडेल ते लिटरमध्ये दाखवून देतं.

एक गोष्ट मात्र एपानेटला जमत नाही. पाच दिवस रिकामी राहिलेली नळी आधी हवेने भरलेली असते. पाणी आलं की हवा बाहेर पडायला वेळ लागतो, मीटर हवेवरच फिरतात, उंचवट्यांवर हवेचे बुडबुडे अडकतात. एपानेट नळी नेहमी भरलेलीच धरतं. म्हणून काही संशोधकांनी पावसाळी गटारांसाठी केलेलं स्वम (SWMM) हे सॉफ्टवेअर उलटं वापरलं, कारण अर्धवट भरलेल्या नळीचा हिशेब त्याला येतो. किंमत म्हणजे गणनेची पायरी तासावरून सेकंदांवर येते. पन्नास वर्षं हजार वेळा चालवायला हे परवडत नाही. मध्यम मार्ग असा : प्रत्येक भागासाठी भरायला लागणारा वेळ स्वमने एकदाच काढायचा आणि वार्षिक मॉडेलमध्ये पुरवठ्याच्या तासांतून तो वजा करायचा. तीन तासांपैकी चाळीस मिनिटं भरण्यात जात असतील तर टोकाच्या घराला उरलेल्या दोन तास वीस मिनिटांतूनच काय ते मिळतं.

यानंतर टिल्लू पंप. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर थेट नळाला लावली की त्या घराला पाणी ओढून मिळतं आणि शेजाऱ्याचा दाब उतरतो. मग शेजारी लावतो. वर्षांच्या मॉडेलमध्ये हे संसर्गासारखं लिहावं लागतं : सलग दोन वर्षं घराला गरजेच्या अमुक टक्क्यांहून कमी पाणी मिळालं तर मोटर बसण्याची शक्यता वाढते, शेजारी मोटर असेल तर आणखी वाढते, आणि बसलेली मोटर निघण्याची शक्यता जवळजवळ शून्य. या शेवटच्या अटीवर मी फार भर देतो. पाणी सुधारलं तरी लोक मोटर काढत नाहीत, हौद बुजवत नाहीत. का काढतील? पुन्हा पाणी जाणार नाही याची हमी कुणी दिलेली नसते. गल्लीतल्या सगळ्यांनी मोटर लावली की प्रत्येकाचा वाटा जवळपास पूर्वीइतकाच होतो, फक्त आता वीज जळते आणि नळीत उणे दाब तयार होतो. त्या दाबानं गळतीच्या भेगांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पावसाळ्यात एखाद्या भागात गॅस्ट्रोची साथ येते तेव्हा असे उणे दाबाचे सांधे मॉडेलमध्ये आधीच लाल दिसत असतात. माझ्या लेखी या कामाचं सगळ्यात मोलाचं फळ हेच आहे. ती लाल ठिपक्यांची यादी प्रत्येक आरोग्य खात्याच्या टेबलावर असायला हवी.

ऑस्ट्रियातील इन्सब्रुक आणि ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठांच्या संशोधकांनी डान्सफॉरवॉटर नावाचं मॉडेल मेलबर्नच्या निमित्ताने विकसित केलं. त्यात शहराची वाढ, पाण्याच्या व्यवस्था आणि समाजाचे बदलते निर्णय हे तिन्ही भाग एकमेकांशी बोलतात. दीर्घ दुष्काळानंतर तिथे घराघरात पावसाच्या पाण्याच्या टाक्या आल्या आणि त्या मॉडेलमध्ये पायाभूत सुविधा म्हणूनच धरल्या गेल्या. आपल्या हौदांनाही तोच न्याय हवा. महापालिकेच्या ताळेबंदात ते नाहीत म्हणून ते जाळ्यात नाहीत असं होत नाही.

चोवीस तास पाण्याकडे जाणाऱ्या शहरांना तर याची पहिली गरज आहे. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने लहान शहर असूनही मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं. नळ्या नव्या, जोडण्या नव्या, सुरुवातच नव्याने. मोठ्या शहरात हे भागाभागाने करावं लागतं आणि मधली काही वर्षं अर्धं शहर चोवीस तासांचं, अर्धं दिवसाआडचं राहतं. मॉडेल चालवून पाहिलं की हीच वर्षं सगळ्यात वाईट दिसतात. चोवीस तासांच्या भागात दाब सतत राहतो, त्यामुळे जुन्या नळ्यांची जी गळती आधी तीन तास होत होती ती आता चोवीस तास होते. गळती दाबाच्या ०.५ ते १.५ घाताच्या प्रमाणात वाढते, प्लास्टिकच्या नळीतल्या लांब चिरेला तर त्याहूनही जास्त. हे जास्तीचं पाणी येतं ते शेजारच्या दिवसाआडच्या भागाच्या वाट्यातून. तिथे टंचाई वाढते, मोटरा वाढतात आणि पुढच्या वर्षी तोच भाग चोवीस तासांवर आणणं आणखी अवघड होतं. म्हणून भागांचा क्रम फार महत्त्वाचा. आधी गळती दुरुस्त करून मग दाब वाढवणारा क्रम आणि उलटा क्रम यांत शेवटच्या वर्षाचं चित्र एकच असतं, मधलं दशक पूर्ण वेगळं. जमिनीवरच्या हौदामुळे आणखी एक नुकसान होतं : जलकुंभाने दिलेला सगळा दाब हौदात पडताक्षणी वाया जातो आणि तेच पाणी पुन्हा गच्चीवर चढवावं लागतं. हजार लिटर १५ मीटर चढवायला, पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर ०.१ युनिट वीज. आपल्या हजार घरांच्या भागाला रोज जवळपास ७० युनिट.

या सगळ्यात भागाभागाला पाणी सोडणाऱ्या, बंद करणाऱ्या चावीवाल्याचं स्थान कुठे? मॉडेलमध्ये झडप एक तर उघडी असते नाही तर बंद. प्रत्यक्षात चावीवाला आट्या मोजून उघडतो. स्लुइस व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना त्याचा रोधगुणांक ०.२ च्या आसपास असतो, अर्धा उघडा असताना ५.६, पाव उघडा असताना २४. शेवटच्या काही आट्यांतच सगळं घडतं, आणि कुठल्या गल्लीला किती आट्या हे त्याच्या डोक्यात असतं. तो निवृत्त झाला की जाळ्याचं वागणं एका रात्रीत बदलतं आणि मॉडेलला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रत्येक झडपेच्या आट्या आणि वेळा त्याच्याकडून लिहून घेणं, हे कुठल्याही सॉफ्टवेअरच्या आधीचं काम आहे. त्याच्याबरोबर पहाटे फिरावं, चार ठिकाणी दाबमापी लावावी आणि मॉडेलचा दाब त्याच्याशी जुळवावा. दोन-तीन मीटरच्या आत जुळलं तर पुढे जावं. जुळलं नाही तर 'सी' ओढूनताणून बसवू नये. बहुतेकदा कुठेतरी अर्धवट बंद राहिलेली, रस्त्याच्या डांबराखाली गेलेली एक झडप सापडते.

हजार प्रवासांच्या शेवटी जो आकड्यांचा ढीग मिळतो त्यातून अमुक वर्षी अमुक नळी फुटेल असं वाचायचं नसतं. बघायचं ते हे, की हजारांपैकी किती प्रवासांत एखादी नळी पहिल्या दहा वर्षांत बदलावी लागली. ९०० हून अधिक वेळा आली ती आजच निविदेत घालावी. शंभराच्या आत आली तिच्याकडे लक्ष ठेवावं. मधल्यांसाठी माहिती वाढवावी : खड्डा खणला की नळीचा तुकडा कापून आतला व्यास मोजावा. दुरुस्तीच्या वहीत तारखेबरोबर नळीचा पदार्थ, व्यास, टाकल्याचं वर्ष, फुटीचा प्रकार, त्या वेळचा दाब आणि मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश लिहावेत. सहा रकाने, दोन मिनिटं. आणि घरपट्टीच्या सर्वेक्षणात एक प्रश्न जोडावा : हौद किती लिटरचा, मोटर किती अश्वशक्तीची.